माडीवरची अठाई

जुन्नरच्या बाजारपेठेत मांगीलाल शेठजींचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माडीत त्यांचं घर. त्या वर्षी क्षमापनेची कार्डं छापायला देताना त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांच्या बहुतेक कल्पनांप्रमाणे हीसुद्धा पोस्टाचा खर्च वाचवणारी होती.

पर्युषण संपलं की जैन माणूस वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखावलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागतो. समोर असेल त्याची तोंडानं, लांब असेल त्याची कार्डानं. मांगीशेठ कार्डांच्या बाबतीत हात आखडता घेत नसत. ज्यांचं मन दुखवायची संधीच त्यांना कधी मिळाली नव्हती अशा लोकांनाही ते क्षमा मागत. फक्त कार्डाची मागची बाजू कोरी जाते याची त्यांना दरवर्षी हळहळ वाटायची. या वर्षी त्यांनी ती भरून काढली. पुढच्या बाजूला, ‘कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा असावी.’ मागच्या बाजूला, ‘आमचे चिरंजीव पीयूष यांनी काढलेला सिनेमा ‘माडी’ पाहण्यास सहकुटुंब यावे. चहापान सूर्यास्तापूर्वी.’

पीयूषनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. “आधी क्षमा आणि मागून सिनेमा. क्रम बरोबर आहे, पप्पा.”

मांगीशेठना हा विनोद वाटला. ते मनापासून हसलेही.

पीयूषला त्यांनी पुण्याला बी.कॉम.ला घातलं होतं. तो बी.कॉम. झाला, पण कॉलेजपेक्षा जास्त वेळ कुठल्यातरी फिल्म क्लबात बसून झाला. गावी परत आला तेव्हा मानेपर्यंत केस होते आणि हातात मित्राचा एक छोटा कॅमेरा. म्हणाला, मी स्वतंत्र सिनेमा काढतोय.

“स्वतंत्र म्हणजे?”

“म्हणजे त्यात कुणी पैसे घालत नाही.”

“मग आपला कोपऱ्यावरचा टेलर गेली दोन वर्षं स्वतंत्रच आहे की,” मांगीशेठ म्हणाले. “गोष्ट कशाची?”

“मनाची. एकाच घरात राहून माणसांचं बिनसतं, त्याची.”

“गाणी?”

“नाहीत.”

“मारामारी?”

“आहे. पण कुणी कुणाला हात लावत नाही.”

मांगीशेठना यातलं काही कळलं नाही. पण शूटिंगसाठी पीयूषला आपलंच दुकान आणि आपलीच माडी हवी आहे, एवढं कळल्यावर त्यांनी पुढचं विचारलं नाही. जुन्नरात आजवर अनेकांची दुकानं झाली, सिनेमात एकाचंही आलं नव्हतं.

सिनेमातल्या दुकानदाराचं काम करायला पुण्याहून गोरख नावाचा एक नट आला. मूळचा मंचरकडचा, पुण्यात बँकेत नोकरी आणि संध्याकाळी नाटकं. शूटिंगच्या आधी आठवडाभर तो दुकानात नुसता बसून राहिला आणि मांगीशेठकडे बघत राहिला. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मांगीशेठकडे कुणी पाहिलं नव्हतं, विक्रीकर खात्यानंही नाही. ते फुलून गेले. स्वतःहून त्याला एकेक लकब शिकवू लागले. चहा हवा असला की मीटरची पट्टी गादीच्या कडेवर कशी दोनदा वाजवायची. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की चष्मा कसा पुसायचा. बायकोला हाक कशी मारायची.

“तुम्ही काकूंशी बोलताना कॅलेंडरकडे बघता,” गोरख म्हणाला. “ते का?”

“अहो, बोलताना कुठंतरी बघायला नको का?”

गोरखनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तोही कॅलेंडरकडे बघायला लागला.

गादीच्या मागच्या भिंतीवर एक फोटो होता. तो मात्र मांगीशेठनी त्याला सगळ्यांत आधी दाखवला होता. फोटो त्र्याण्णव सालचा. सजवलेल्या ट्रॉलीत कस्तुरबाई बसलेल्या, गळ्यात इतके हार की फक्त डोळे दिसतायत, पुढं बँड आणि मांगीशेठ स्वतः पांढऱ्या झब्ब्यात हात जोडून. “आमच्या मिसेसनी अठाई केली तेव्हाचा. आठ दिवस उकळलेल्या पाण्याशिवाय पोटात काही नाही. सगळी पेठ लोटली होती.” लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला हा फोटो बघून आणि हे वाक्य ऐकून मगच शालू बघायला मिळत. वाक्य अगदी गुळगुळीत झालेलं होतं. ते बोलताना मांगीशेठ फोटोकडे बघत नसत, गिऱ्हाइकाकडे बघत. बारा वर्षांत त्यांनी त्या फोटोतल्या डोळ्यांकडे नीट पाहिलं नव्हतं. पाहायची वेळ आली की चष्मा पुसायला घेत.

शूटिंगच्या दिवसांत दुपारी पीयूष आणि त्याची आई माडीवर खिडकीशी बसून बोलत असायचे. कस्तुरबाई बोलतायत आणि मुलगा ऐकतोय. मांगीशेठना वाटलं, नटनट्यांच्या कपड्यांच्या इस्त्रीचं काहीतरी चाललं असेल.

सिनेमा दाखवायला मंगल कार्यालय घेतलं होतं. बाजाराचा दिवस सोडून, दुपारी तीनची वेळ, म्हणजे सिनेमा बघून सूर्यास्ताच्या आत चहापाणी आटपून सगळ्यांना घरी जेवता यावं. वीज मंडळाचा भरवसा नव्हता. त्या काळात लाईट येण्यापेक्षा जायची वेळ जास्त पक्की असायची. म्हणून मांगीशेठनी निरगुडसरच्या संपतला जनरेटर घेऊन बोलावलं होतं. संपत आणि त्याची बायको कुशाबाई ही त्यांची जुनी गिऱ्हाइकं. संपतनं जनरेटर कार्यालयाच्या मागं लावला आणि मिशीवरून हात फिरवत सांगितलं, “शेट, आता परत्यक्ष इंद्र जरी आला ना, तरी तुमचा पिच्चर थांबत न्हाई.”

“थांबता कामा नये,” मांगीशेठ म्हणाले. हे वाक्य पुढं त्यांना आठवणार होतं.

कार्यालय भरलं. जैन स्थानकातली मंडळी, पेठेतले दुकानदार, खेड्यांवरची गिऱ्हाइकं. पहिल्या रांगेत मधोमध मांगीशेठ, फोटोतल्याच पांढऱ्या झब्ब्यात, आणि त्यांच्या शेजारी कस्तुरबाई, अंजिरी रंगाच्या साडीत. मागं संपत आणि कुशाबाई. अंधार झाला आणि पडद्यावर एक नळ दिसू लागला. नळातून पाणी ठिबकत होतं. बराच वेळ ठिबकत राहिलं.

“वायसर गेलाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आरं, पण हिरो कुठंय?”

“प्लंबर आनाय गेला आसंल.”

मग दुकान दिसलं आणि लोक सावरून बसले. आपली पेठ पडद्यावर बघताना माणसं सिनेमा बघत नाहीत, आपापली पाटी शोधतात. ते झाल्यावर गोरख दिसला. त्यानं मीटरची पट्टी गादीच्या कडेवर दोनदा वाजवली आणि सगळं कार्यालय हसून लोळलं. चष्मा पुसला, पुन्हा हसले. कॅलेंडरकडे बघून तो म्हणाला, “कुणी पाणी आणेल का?” तेव्हा तर टाळ्या पडल्या. मांगीशेठ मागं वळून लोकांकडे बघत मान लववत होते, सत्कार चाललाय अशा थाटात. कस्तुरबाई हसल्या नाहीत, पण सिनेमाला त्या कधीच हसत नसत.

पडद्यावर त्या दुकानदाराची बायको दुपारी गल्ल्याशेजारी बसून ब्लाऊजपीस विकत होती. गिऱ्हाइकाच्या साडीचा पदर दोन बोटांत धरायची आणि मागच्या ढिगातून न बघता बरोबर रंग ओढायची. बायका तिच्याभोवती जमायच्या, कापड राहायचं बाजूला आणि माहेर-सासर सुरू व्हायचं. मग दुकानाला काच लागली, शोकेस आली, एक तरुण सेल्समन आला, आणि गोरख कॅलेंडरला म्हणाला, “आता कुणी इथं बसायची गरज नाही. माडीवर आराम करायचा.”

“आगं बया,” कुशाबाई मागून कुजबुजली, पण तिची कुजबुज चार रांगांना पुरायची. “ही तर आपली शेटाणी. तवापास्नं माजा येक ब्लाऊज धड मॅच झाला न्हाई.”

लोक हसले. मांगीशेठही हसले, पण निम्मंच. दुकान नवं केलं ते ब्याण्णव साली. कस्तुरबाईंना माडीवर पाठवलं ते त्यांनी प्रेमानंच. निदान पाठवताना त्यांना ते प्रेमच वाटलं होतं. बायको गल्ल्यावर बसते हे शोकेसच्या दुकानाला शोभत नाही, असं शेजारच्या सराफानं म्हटलं होतं. आराम कर, असं ते स्वतः म्हणाले होते. कस्तुरबाईंनी आराम केला. त्या माडीच्या खिडकीत बसल्या आणि बसूनच राहिल्या.

पडद्यावरही ती बसूनच राहिली. खिडकी, खाली रस्ता, बायका दुकानात येतायत, वर कुणी बघत नाही. मग तिनं वेणी घालणं सोडलं. मग बोलणं. मग ताटावर बसायची आणि ताट तसंच सारायची. कार्यालयातलं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. आता लोक नळाच्या पाण्याचा आवाजसुद्धा ऐकत होते.

मांगीशेठनी घड्याळात पाहिलं. मग चष्मा पुसायला घेतला आणि एकदम परत डोळ्यांवर चढवला, कारण पडद्यावर गोरखही तेच करत होता.

त्यांना पुढचं माहीत होतं. त्र्याण्णवच्या पर्युषणात कस्तुरबाईंचं जेवण सुटलेलं होतं. पहिल्या दिवशी मांगीशेठनी ताट स्वतः खिडकीशी नेलं, घास पुढं केला, तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही नेलं. तिसऱ्या दिवशी शेजारीण डोकावली आणि म्हणाली, “भाभींनी काही खाल्लं नाही वाटतं? तेला केलाय का?” तेला म्हणजे तीन दिवसांचा उपास. बायकोचं मन जाग्यावर नाही, ती खात नाही, बोलत नाही, हे सांगण्यापेक्षा ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. मांगीशेठ ‘हो’ म्हणाले. संध्याकाळपर्यंत पेठेतल्या बायका विचारपूस करायला आल्या, तपस्वीच्या पाया पडून गेल्या. कस्तुरबाई बोलल्या नाहीत, तर मौनही धरलंय असं ठरलं. स्थानकातल्या साध्वी, महासतीजी, स्वतः आल्या. खरा तप करणारी माणसं किती कठीण काम करतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, पच्चक्खाण घेतलंय ना?” व्रत घेतो असं स्वतःच्या मनानं म्हटल्याशिवाय उपास हा उपास नसतो, नुसती उपासमार असते. कस्तुरबाई भिंतीकडे बघत होत्या.

“घेतलंय,” मांगीशेठ म्हणाले होते.

आणि आता पडद्यावर गोरख म्हणाला, “घेतलंय.” तसाच, किंचित घाईनं, खोटं माप देताना आवाज होतो तसा.

मांगीशेठच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी मनात एक जागा होती, तिथं त्यांनी टेकू लावला. हे शेजारपाजारच्यांनी पीयूषला सांगितलं असेल. त्या दिवशी खोलीत बायका होत्याच. पेठेतले लोक काय, बोलतात. यापुढचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं, एका माणसाशिवाय. कस्तुरबाईंना तर त्या दिवसांतलं काही आठवतच नाही, असं मांगीशेठनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. बारा वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून ते खरंही राहिलं होतं.

पडद्यावर सकाळ झाली. सहावा दिवस. गोरख पांढरा झब्बा घालून बघत होता. खिडकीतल्या बाईनं मान वळवली आणि आता ती बोलणार असं दिसलं.

लाईट गेली.

सगळ्या कार्यालयात ‘अरेरे’ झालं. एकट्या मांगीशेठच्या मनात वीज मंडळाबद्दल अशी कृतज्ञता दाटून आली की मंडळाच्या इतिहासात तिची नोंद व्हायला हवी होती. ते अंधारात उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “चला मंडळी! झालंच होतं आता. चहा तयार आहे, सूर्य मावळायच्या आत—”

“बसा,” कस्तुरबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. मांगीशेठ बसले.

आणि तोवर मागच्या अंगणात पोचलेल्या संपतनं दोरी ओढली. जनरेटर एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि इंद्रालाही न जुमानता सुरू झाला.

पडद्यावरची बाई म्हणाली, “अर्धा कप चहा द्या.”

तिच्या आवाजाला गंज चढलेला होता. कित्येक दिवसांत वापरलेला नव्हता, हे कळत होतं. गोरख झब्ब्याची बटणं लावता लावता थांबला. त्याच्या तोंडावर आधी आनंद दिसला, खराखुरा. तो दोन पावलं जिन्याकडे गेलासुद्धा. मग खालून, दुकानातून, कुणीतरी हाक मारली, “शेठजी, ट्रॉली कुठं लावायची?” आणि तो थांबला. कॅलेंडरकडे बघून म्हणाला, “दोनच दिवस राहिलेत. ओतूरचा बँड सांगितलाय.”

बाईनं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

मांगीशेठ समोर बघत होते, पण त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांना दिसत होती त्यांची स्वतःची माडी, तो सहावा दिवस. चहाच मागितला होता. अर्धाच. त्या दिवशी त्या खोलीत दोनच माणसं होती. एकानं ही गोष्ट कधी स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती.

म्हणजे दुसऱ्यानं सांगितली. दुपारी, खिडकीशी बसून. इस्त्रीचं काही चाललं नव्हतं.

त्यांनी मान न वळवता डोळे वळवले. कस्तुरबाई पडद्याकडे बघत होत्या, हात मांडीवर. आपल्या ओळखीच्या गावावरून एस.टी. जाताना माणूस खिडकीतून बघतो, तशा. मांगीशेठना वाटलं, आपल्या अंगावरचे कपडे दुकानातल्या गिऱ्हाइकांनी उतरवून नेलेत आणि आपण गादीवर तसेच बसलोय.

पुढं मिरवणूक आली. बँड वाजला. हार पडत गेले, एकावर एक, आणि बाईचा चेहरा हारांनी बुडत बुडत फक्त डोळे उरले. पीयूषनं तिथं कॅमेरा थांबवला होता. बारा वर्षं मांगीशेठनी जे डोळे पाहायचं टाळलं, ते आता भिंतीएवढे होऊन त्यांच्याकडे बघत होते. चष्मा काढायचीसुद्धा सोय नव्हती. काढला असता तर सगळ्यांनी ओळखलं असतं.

पारण्यानंतर आठवड्याभरानं कस्तुरबाईंना पुण्याला न्यावं लागलं होतं. मांगीशेठनी पेठेत ‘पोटाचे डॉक्टर’ म्हणून सांगितलं. गोळ्या चूर्णाच्या डबीत ठेवल्या. हळूहळू, बऱ्याच वर्षांत, कस्तुरबाई बऱ्या झाल्या, म्हणजे वेणी घालायला आणि बोलायला लागल्या. पडद्यावर यातलं काही नव्हतं. तिथं नळ ठिबकला आणि सिनेमा संपला.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. दिवे लागले. पीयूष पुढं येऊन उभा राहिला. पुण्याच्या क्लबात सिनेमा झाल्यावर प्रश्न विचारायची पद्धत होती, ती त्यानं इथंही पाळली. “कुणाला काही विचारायचंय?”

सराफ म्हणाला, “फोटोग्राफी चांगली आहे.” हा प्रश्न नव्हता, पण सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कुणीतरी नळाचा अर्थ विचारला. पीयूषनं सांगितला, तो कुणाला पटला नाही. मांगीशेठना वाटलं, संपलं. आता मंडळी चहा पितील, पाठीमागं बोलतील, पण तोंडावर कुणी काही म्हणणार नाही. पेठेत एवढी सभ्यता आहे. उद्या दुकान उघडायचं, आणि फोटो नुसता आतल्या खोलीत हलवायचा.

कुशाबाई उभी राहिली. निरगुडसरात पेठेची सभ्यता पोचलेली नव्हती.

“मला इचारायचंय. पर त्या पोराला न्हाई. शेटला.”

संपत तिचा पदर ओढायला लागला. “आगं खाली बस की. त्यो पिच्चर हाय.”

“पिच्चर हाय ते मला दिसतंय. सोड.” ती मांगीशेठकडे वळली. “शेट, त्या वक्ताला ट्रॉली आमचीच व्हती. ह्या बाईच्या मी पाया पडले व्हते. लेकराला घिऊन पडले व्हते. आता येवडंच सांगा, हिनं त्यो उपास धरला व्हता, का तुमी धरवला व्हता?”

सगळं कार्यालय मांगीशेठकडे वळलं. स्थानकातली मंडळी, सराफ, दारात चहाचा ट्रे घेऊन थांबलेला माणूस. पीयूषही बापाकडे बघत होता, पण रागानं नाही. ते मांगीशेठना जास्त लागलं.

उत्तर सोपं होतं. एकच शब्द, बारा वर्षांपूर्वी एकदा वापरलेला आणि अजून चांगल्या स्थितीत असलेला. ‘घेतलंय.’ किंवा, सिनेमा हा सिनेमा असतो, कुशाबाई. एवढं म्हटलं असतं तरी सगळे आनंदानं चहाला उठले असते. लोकांना खरं ऐकायची फारशी हौस नसते, चहा मात्र गरम लागतो. मांगीशेठनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. गोरख शेवटच्या रांगेत बसला होता आणि तोही बघत होता, अजून काही शिकायचं राहिलंय अशा नजरेनं.

“मला काय विचारता,” मांगीशेठ म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “तेव्हाही मलाच विचारलं होतं सगळ्यांनी. तिला विचारा.”

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कॅलेंडर शोधलं नाही. कार्यालयात ते नव्हतंही. ते कस्तुरबाईंकडे बघत राहिले.

कस्तुरबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून कुशाबाईकडे वळल्या. “उपास धरायला आधी भूक लागावी लागते, कुशाबाई. मला भूकच नव्हती. सहाव्या दिवशी थोडी लागली.” त्यांची नजर कुशाबाईच्या ब्लाऊजवर गेली. “तुझ्या या साडीवर हे कुणी दिलंय? याला मोरपिशी पाहिजे होता.”

“आगं तर! त्या काचंतल्या बाबानं दिला,” कुशाबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

चहा कुणी धड प्याला नाही. लोक एकामागून एक निघून गेले. जाताना एकानं सवयीनं मांगीशेठपुढं हात जोडले, “खमतखामणा,” क्षमा करा, असं म्हणाला आणि मग आपण कशाबद्दल आणि कुणाची मागतोय याचा विचार करत चप्पल शोधू लागला. संपत जनरेटर बंद करून आला. “शेट, मी थांबवनार व्हतो, पर तुमीच म्हनला व्हता—”

“बरोबर केलंस,” मांगीशेठ म्हणाले.

घरी येताना पेठेतली दुकानं उघडी होती. एरवी त्या रस्त्यानं जाताना मांगीशेठ दोन्ही बाजूंना नमस्कार वाटत जायचे. आज ते खाली बघत चालले होते, आणि कस्तुरबाई त्यांच्या दोन पावलं पुढं. माडीवर गेल्यावर त्या खिडकीत बसल्या. शिवनेरीच्या मागं ऊन उतरायला लागलं होतं.

मांगीशेठ बराच वेळ जिन्याशी उभे राहिले. क्षमा मागावी, असं मनात आलं. शब्द तयारच होता, पण तो त्यांनी सगळ्या कार्डांवर छापून वाटून टाकला होता. दरवर्षी कस्तुरबाईंनाही तोच मिळायचा, कॅलेंडरमार्फत. आता त्यात काही शिल्लक वाटेना.

ते स्वयंपाकघरात गेले. चहाची पावडर कुठं असते हे त्यांना माहीत नव्हतं. हळदीचा डबा उघडला, मग रव्याचा, मग चूर्णाची जुनी डबी हाताशी आली, ती त्यांनी हळूच परत ठेवली. पावडर सापडली. गॅस पेटवताना दोन काड्या विझल्या. दूध वर येऊ लागलं तेव्हा फडकं मिळेना, म्हणून झब्ब्याच्या टोकानं भांडं उतरवलं. त्याच पांढऱ्या झब्ब्याच्या. अर्धा कप भरला. बशीत थोडा सांडला. दोन्ही हातांनी धरून ते माडीच्या खिडकीपाशी आले आणि उभे राहिले.

“घे,” ते म्हणाले. कस्तुरबाईंकडे बघून.

कस्तुरबाईंनी कपाकडे पाहिलं. मग त्यांच्या झब्ब्याकडे. मग खिडकीबाहेर. सूर्यास्तानंतर दोघांच्याही तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. तो नियम त्यांनी स्वतः घेतलेला होता, स्वतःच्या तोंडानं.

“सूर्य गेला,” त्या म्हणाल्या.

मांगीशेठनी बाहेर बघितलं. खरंच गेला होता. किल्ल्याच्या कडेला नुसती लाली राहिली होती. कप खाली ठेवायचा की तसाच धरायचा, ते त्यांना ठरवता येईना. बारा वर्षं उशीर झालेल्या माणसाला शेवटी चार मिनिटांनी गाठलं होतं.

कस्तुरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मदत केली नाही.

“उद्या करा,” मग त्या म्हणाल्या. “आणि अर्धा नका करू.”

मांगीशेठ कप घेऊन मोरीपाशी गेले. चहा ओतला, कप विसळला, आणि भांडं घासायला काय वापरतात ते शोधू लागले.